एक्सेलमधल्या जुन्या नोंदी डेटा लॉगरच्या फाइलमध्ये भरताना

भोसरी-चाकणकडच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तापमानाच्या जुन्या नोंदी बहुतेक एक्सेलमध्येच असतात. आमच्या लॉगरच्या (तापमान नोंदवणाऱ्या उपकरणाच्या) फाइलमध्ये त्या पायथनच्या स्ट्रक्ट मॉड्यूलने (आकडे ठरलेल्या बाइटांत मांडणाऱ्या भागाने) भरता येतात, वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. हे पत्रक तुमच्या प्रोग्रामरच्या हाती द्यावे.

फाइलचे पहिले २० बाइट जागेच्या नावाचे. पुढे प्रत्येकी १३ बाइटांच्या नोंदी: २ बाइट लॉगरचा क्रमांक, ४ वेळ, २ तापमान, १ दार (बंद ०, उघडे १) आणि ४ बाइट सीआरसी-३२ (नोंद बिघडली का ते तपासायचा आकडा). मिनिटाला एक नोंद धरली तर दिवसाचे १८,७२० बाइट होतात.

सीआरसी सोडून उरलेल्या ९ बाइटांचा फॉरमॅट: आधी < हे चिन्ह (आकड्याचा खालचा बाइट आधी), मग क्रमांक, वेळ, तापमान आणि दार यांसाठी अनुक्रमे कॅपिटल एच, कॅपिटल आय, स्मॉल एच, कॅपिटल बी. सर्वांत जास्त घोळ < विसरल्याने होतो. ते नसले की पायथन संगणकाच्या सोयीने बाइट मांडतो. वेळेचा आकडा ४ च्या पटीतल्या जागी यावा म्हणून क्रमांकानंतर २ रिकामे बाइट घुसतात आणि ९ चे ११ होतात. एरर येत नाही, फाइल तयार होते, आणि लॉगर त्यातून भलतीच वेळ नि भलतेच तापमान वाचतो. म्हणून फॉरमॅटची लांबी सांगणाऱ्या कॅल्कसाइझचे उत्तर ९ येते का, ते आधी पाहावे.

तापमान १०० ने गुणून पूर्णांकात भरायचे. इथे इंट (दशांश नुसते कापणारे) वापरू नये, राउंड (जवळचा पूर्णांक देणारे) वापरावे: पायथनमध्ये ४.३५ गुणिले १०० चे उत्तर ४३४.९९९… येते आणि इंट त्याचे ४३४ करतो. स्मॉल एचच्या जागी कॅपिटल एच पडला, तर त्यात उणे आकडा बसत नसल्याने पहिल्याच उणे तापमानाला प्रोग्राम थांबतो.

वेळ म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) सेकंद. एक्सेलमधली वेळ भारतीय असते, तेव्हा टाइमझोन एशिया/कोलकाता असा स्पष्ट लिहावा. नाहीतर ऑफिसच्या संगणकावर नीट चाललेला प्रोग्राम यूटीसीवर लावलेल्या सर्व्हरवर प्रत्येक नोंद साडेपाच तास पुढे ढकलतो.

सीआरसी पायथनच्या झेडलिब मॉड्यूलमधल्या सीआरसी३२ ने, फक्त त्या ९ बाइटांवर काढावा आणि < व कॅपिटल आय वापरून शेवटी जोडावा.

जागेचे नाव मराठीत चालते, पण यूटीएफ-८ (अक्षरे बाइटांत लिहायची पद्धत) मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्राही, ३ बाइट घेते. ‘भोसरी’ १५ बाइटांत बसते. ‘शिवाजीनगर’ला २७ लागतात. २० बाइटांच्या जागेत स्ट्रक्ट ते गुपचूप कापतो, सातवे चिन्ह अर्धे तुटते आणि वाचताना डीकोडची एरर येते. नाव आपणच आधी आखूड करावे.

पिकल (पायथनची स्वतःची साठवण्याची पद्धत) वापरू नका. ती फाइल पायथनशिवाय कुणासाठी नाही, लॉगर ती वाचत नाही.

सगळी फाइल भरण्याआधी ४.३५ अंशांची एकच नोंद लिहून हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) उघडावी. २७वा आणि २८वा बाइट बी३ ०१ दिसला पाहिजे. ०१ बी३ दिसले तर < ऐवजी > पडले आहे, आणि ही चूक लांबी मोजून सापडत नाही. चाचणीला उणे १८ मात्र घेऊ नये: त्याचे दोन्ही बाइट एफ८ च येतात, उलटे झाले तरी कळणार नाही.