विनामोबदला वकिली व कायद्याचे विद्यार्थी (इंदूर)

पक्षकाराकडून फी न घेता चालवलेल्या प्रकरणांत, वकिलाच्या देखरेखीखाली कायद्याच्या विद्यार्थ्यांनी केलेली मदत. विधी सेवा प्राधिकरणाची (मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी यंत्रणा) मदत याहून वेगळी: तिथे प्राधिकरणाच्या यादीवरील (पॅनेलवरील) वकिलाला प्राधिकरण मानधन देते. इंदुरात जिल्हा न्यायालय आणि मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे खंडपीठ दोन्ही असल्याने विद्यार्थ्याला एकाच शहरात दावा ते अपील असा प्रवास पाहता येतो.

अधिवक्ता अधिनियम, 1961 प्रमाणे वकिली फक्त सनदधारकाला करता येते. वकालतनामा (पक्षकाराने वकिलाला दिलेले अधिकारपत्र), युक्तिवाद, उलटतपासणी ही कामे वकिलाची. विद्यार्थ्याकडे कागद जमवणे, निवाडे शोधणे, कच्चा मसुदा. खरा उपयोग मात्र तारीखवार टिपणाचा: डावीकडे तारीख, मध्ये घटना, उजवीकडे ती सिद्ध करणारा कागद. उजवा रकाना रिकामा राहिला की काय मागवायचे ते लगेच कळते. पक्षकार गोष्ट तारखेने सांगत नाही. दिवाळी, बारसे, बदली अशा खुणांनी सांगतो.

चेक न वटल्याच्या प्रकरणात हे टिपण चुकले तर तक्रारच बुडते. बँकेकडून चेक परतल्याची माहिती मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर पैसे देण्यास 15 दिवस, त्यानंतर एका महिन्यात तक्रार. नवखे विद्यार्थी चेकवरच्या तारखेपासून मोजतात, किंवा 15 दिवस संपायच्या आत तक्रार तयार करतात. पोटगीत अडचण वेगळी. रजनेश विरुद्ध नेहा (2020) या निवाड्यानंतर दोन्ही पक्षांना मालमत्ता व देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते; घरभाडे, शाळेची फी, औषधे यांचे आकडे पावत्यांशी जुळले नाहीत तर उलटतपासणीत पोटगी मागणारी बाई अडकते.

विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवायच्या अर्जात एक चूक फार होते. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि कोठडीतील व्यक्ती यांना 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाखाली उत्पन्नमर्यादा नाही. तरी उत्पन्नाचा दाखला आणायला सांगून त्यांना परत पाठवले जाते.

बार कौन्सिलच्या (वकिली व कायदा शिक्षणाचे नियम करणारी संस्था) 2008 च्या नियमांत तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी किमान 12 आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी 20 आठवडे इंटर्नशिप आहे, पण एका वर्षात सलग चार आठवड्यांहून अधिक नाही. खटला अर्थातच चार आठवड्यांत संपत नाही. म्हणून जाताना पुढची तारीख, राहिलेले कागद आणि पक्षकाराला काय सांगितले एवढे लिहून ठेवावे लागते. कागदांचे फोटो व्हॉट्सॲप गटात टाकू नयेत: भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 मधील पक्षकार-वकील संवादाची गोपनीयता वकिलासह दुभाषे, कारकून व नोकर यांना लागू आहे, विद्यार्थ्याचा त्यात वेगळा उल्लेख नाही.

इंदूरच्या जुन्या मराठी घरांतील वाटणीपत्रे, गहाणखते मराठी विद्यार्थ्याकडे हमखास येतात. न्यायालयासाठी त्यांचे हिंदी भाषांतर लागते. शके असेल तर 78 मिळवायचे, पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंत साधारण 79; विक्रम संवत असेल तर 57 किंवा 56 वजा करायचे. नुसता आकडा असेल तर आधी कालगणना ठरवावी, नाहीतर 135 वर्षांचा फरक पडतो.