कोरफड समजून घायपात

नागपुरातल्या धरमपेठेत आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंनी परवा गच्चीतल्या कुंडीतलं एक जाडजूड पान कापलं आणि त्याचा रस केसांना चोळला. थोड्याच वेळात मान आणि हात लाल होऊन खाजायला लागले. "कोरफडीनं असं कसं केलं गं?" म्हणत त्या कुंडीच उचलून आमच्याकडे आल्या. कुंडीत कोरफड नव्हतीच, घायपाताचं पिल्लू होतं.

चूक कुणाचीही होईल. दोघांची पानं मांसल, कडेला दात, मधोमध गुच्छ. पण टोकाला हात लावून बघा. घायपाताचं टोक दाभणासारखं कडक असतं, कोरफडीचं तसं टोचत नाही. कोरफडीचं पान काकडीसारखं कटकन मोडतं आणि आत काचेसारखा गर दिसतो. घायपाताचं पान मोडलं तरी धाग्यांवर लोंबत राहतं. हाच तो वाख, ज्याचे दोर वळतात. त्याच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. काकूंच्या मानेत रुतले ते हेच.

कॅक्टस ओळखायची खूण याहून भरवशाची. काटा जिथून निघतो तिथे भिंगातून पाहा, लव असलेली इवलीशी गादी दिसेल. ही गादी म्हणजे खुंटलेली फांदी आणि काटे म्हणजे तिची रूपांतरित पानं. गादी नसेल तर ते झाड कॅक्टस नव्हे. कोरफडीचे काटे नुसते पानाच्या कडेचे दात असतात. शिवाय कोरफड पाणी पानात साठवते, कॅक्टस खोडात. फड्या निवडुंगाचे ते हिरवे पंजेसुद्धा पानं नाहीत, खोडच आहे.

आपल्या भाषेत 'निवडुंग' म्हटलं की दोन वेगळी घराणी एकत्र येतात. फड्या निवडुंग अमेरिकेतून आलेला खरा कॅक्टस. कुंपणाचा त्रिधारी निवडुंग मात्र शेराच्या कुळातला. त्याचे काटे जोडीजोडीने येतात, गादी नसते आणि जरा खरचटलं की पांढरा चिक वाहतो. हा चिक डोळ्यात गेला तर काही काळ दिसेनासं होऊ शकतं. छाटणी करताना चष्मा आणि हातमोजे घालाच. चिक डोळ्यात उडालाच तर भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा.

यांचं खरं गोत स्वयंपाकघरात सापडतं. कोरफड आणि घायपात एकदल, कांद्या-लसणाच्या गणातली. कॅक्टस द्विदल, घोळाच्या भाजीचा नातलग. त्रिधारी निवडुंगाचा भाऊबंद एरंड. मग इतकी वेगळी झाडं एकसारखी का दिसतात? पाण्याच्या टंचाईने प्रत्येकाला स्वतंत्रपणे त्याच वाटेवर आणलं: साठवण जाड, साल मेणचट, दार दिवसा बंद. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा दुपारी पानावरची छिद्रं उघडी ठेवली तर सगळी ओल उडून जाईल. म्हणून ही झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेतात, आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा उन्हात त्याची साखर करतात.

या आम्लाचा सुगावा आपल्याच देशात लागला होता. वनस्पतींचे अभ्यासक बेंजामिन हाइने यांनी इथे पानफुटीची पानं चाखून पाहिली. सकाळी आंबट, दुपारपर्यंत बेचव. त्यांची ही नोंद १८१५ साली प्रसिद्ध झाली. पानफुटीचं कूळ पुन्हा वेगळंच! एका पानाच्या चवीवरून झाडाचा दिवसभराचा कारभार कळावा, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

काकूंना मी आमच्याकडची खरी कोरफड दिली. पान कापून वाटीत उभं ठेवायला सांगितलं, कारण सालीलगतचा पिवळा रसही काहींच्या त्वचेला झोंबतो. तोच आटवून काळा बोळ करतात, आणि तो जबरदस्त रेचक आहे. थोड्या वेळाने वाटीच्या तळाशी हळदीसारखं पिवळं थारोळं साचलं. "एवढं असतं होय यात?" म्हणत काकूंनी ते ओतून दिलं आणि मगच गर काढायला घेतला.