योनिमार्गातील जिवाणूंचा प्रतिजैविकरोध

योनिमार्गाच्या संसर्गाशी संबंधित जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात, त्या स्थितीला प्रतिजैविकरोध म्हणतात. हा प्रश्न मुख्यतः बॅक्टेरियल व्हजायनोसिस या विकारात भेडसावतो. निरोगी योनिमार्गात बहुधा लॅक्टोबॅसिलस जिवाणूंचे राज्य असते. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि पीएच (आम्लता दाखवणारा आकडा; जितका कमी तितकी आम्लता जास्त) ४.५ च्या खाली ठेवतात. त्यांची संख्या घटली की गार्डनेरेला, प्रिव्होटेला, फॅनीहेसिया असे ऑक्सिजनविना किंवा कमी ऑक्सिजनमध्ये वाढणारे जिवाणू फोफावतात आणि हा विकार होतो. अंगावरून पातळ, करडट-पांढरे जाते. त्या स्रावावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकताच माशासारखा वास येतो. सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणूंच्या थराने कडा पुसट झालेल्या पेशी दिसतात. त्यांना ‘क्लू सेल’ म्हणतात.

उपचाराची मुख्य औषधे दोनच: मेट्रोनिडॅझोल आणि क्लिंडामायसिन. मेट्रोनिडॅझोल जिवाणूच्या पेशीत शिरल्यावरच सक्रिय होते आणि डीएनएची मोडतोड करते. लॅक्टोबॅसिलसमध्ये ते सहसा सक्रिय होत नाही, म्हणून उपकारक जिवाणू बचावतात. फॅनीहेसियाचे अनेक वाण (उपप्रकार) मात्र त्याला जुमानत नाहीत. क्लिंडामायसिन जिवाणूतील रायबोसोमला, म्हणजे प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेला, चिकटून प्रथिननिर्मिती थांबवते. ‘अर्म’ जनुके असलेले जिवाणू नेमकी ती जागाच बदलून टाकतात, आणि ही जनुके एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात.

तरीही सारा दोष जनुकांवर टाकणे चूक ठरेल. गार्डनेरेला योनिमार्गाच्या पेशींवर बायोफिल्मचा चिकट थर चढवते. औषधाने वरचे जिवाणू मरतात, थरात दडलेले तग धरतात आणि काही आठवड्यांत पुन्हा वाढतात. तोंडावाटे मेट्रोनिडॅझोल घेतलेल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये वर्षभरात विकार उलटतो, असे ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात दिसले. अशा स्त्रीला स्वच्छतेचे धडे देणे अन्यायाचे आहे. योनिमार्ग आतून धुण्याने तर लॅक्टोबॅसिलसचीच हानी होते.

जोडीदाराकडून होणारा पुनर्संसर्ग हेही विकार उलटण्याचे कारण आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पुरुष जोडीदारालाही पोटातून मेट्रोनिडॅझोल आणि त्वचेवर क्लिंडामायसिनचे मलम दिले गेले. तेव्हा १२ आठवड्यांत विकार उलटण्याचे प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आले. म्हणजे औषधे जुनीच होती, उपचार दोघांवर झाले एवढाच फरक.

निदानाविना घेतलेल्या गोळ्या या प्रश्नात भर घालतात. खाज आणि दह्यासारखा घट्ट स्राव बहुधा कॅन्डिडा या बुरशीमुळे असतो. तिच्यावर प्रतिजैविकांचा उपयोग नाही, उलट ती बळावू शकते.

गट ‘ब’ स्ट्रेप्टोकॉकस योनिमार्गात कोणत्याही त्रासाविना राहतो, पण प्रसूतीवेळी बाळाला त्याचा गंभीर संसर्ग होऊ शकतो. त्याच्यावर पेनिसिलिन अजूनही प्रभावी आहे. क्लिंडामायसिनला मात्र त्याचे बरेच वाण दाद देत नाहीत. त्यामुळे पेनिसिलिनची तीव्र ॲलर्जी असलेल्या गर्भवतीला क्लिंडामायसिन देण्यापूर्वी तिच्या नमुन्यातील जिवाणू त्या औषधाने मरतात का, हे प्रयोगशाळेत तपासून घेतात.