जीवाणूजन्य रंगद्रव्ये (ॲमिनो अम्लांपासून)

प्रथिनांसाठी लागणाऱ्या ॲमिनो अम्लांपासूनच काही जीवाणू रंगद्रव्ये घडवतात. ट्रिप्टोफॅनपासून जांभळे व्हायोलेसीन, टायरोसिनापासून काळपट मेलॅनीन, ग्लुटामिनाच्या दोन रेणूंपासून निळे इंडिगॉइडीन बनते. कॅरोटिनॉइडांचा (पिवळ्या-नारिंगी रंगद्रव्यांचा) मार्ग निराळा असल्याने त्यांचा विचार येथे केलेला नाही.

व्हायोलेसिनाचा सर्वाधिक अभ्यास माती व पाण्यात राहणाऱ्या क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम या जीवाणूमध्ये झाला. आगरावर (जीवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमावर) त्याच्या वसाहती गर्द जांभळ्या, जवळजवळ काळ्या दिसतात. रंग पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलात उतरतो. हा रंग घडवताना पहिले एंझाइम ट्रिप्टोफॅनचे ऑक्सिडीकरण करते, दुसरे असे दोन रेणू जोडते. पुढे एका इंडोल वलयाची (ट्रिप्टोफॅनमधील कार्बन-नायट्रोजनाच्या जोडवलयाची) जागा बदलते. हा बदल व्हायोलेसीन घडवणाऱ्या चार जनुकांच्या जुन्या आराखड्यात बसत नव्हता; २००६ च्या सुमारास व्हायो-ई या पाचव्या जनुकाचे कार्य उलगडले आणि कोडे सुटले. त्याचे एंझाइम कोणत्याही धातूच्या वा सहघटकाच्या मदतीविना हे काम करते, ही खरोखर विलक्षण गोष्ट आहे. हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनाचा) गट ट्रिप्टोफॅनवर आधीच बसतो, असे पूर्वी काहींचे मत होते. तो सांगाडा जुळल्यानंतर बसतो, हे मत आता अधिक ग्राह्य वाटते. रेणूतील कार्बन व नायट्रोजन ट्रिप्टोफॅनचे, ऑक्सिजन मात्र हवेतला.

सेराशिया मार्सेसेन्स या जीवाणूच्या लाल प्रोडिजिओसिनातील एक पायरोल वलय (नायट्रोजनयुक्त पाच अणूंचे वलय) प्रोलिनाचे असते; सेरीन व मेथिओनीनही त्यात खर्ची पडतात. इटलीत १८१९ मध्ये मक्याच्या लापशीवर पडलेल्या लाल डागांचा बार्तोलोमेओ बिझिओ यांनी शोध घेतला, पण त्यांनी तो जीव बुरशी मानला. मध्ययुगीन युरोपातील ‘रक्ताळलेल्या’ पावांच्या कथांचे श्रेयही याच जीवाणूला देतात. तो तर्कच समजावा. सुमारे ३० अंश सेल्सिअसला तो लाल, ३७ अंशांना बहुधा फिका वाढतो. बडोद्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा टेबलावर राहिलेली जीवाणूंची काचबशी पांढरी दिसली, तरी जीवाणू बदलला असे समजू नये.

बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने व रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जरांच्या पुढाकाराने १८९० मध्ये निघालेल्या कलाभवनात रंगाईचे शास्त्र शिकवले जाई. कापड रंगवण्याची जर्मन कृत्रिम नीळ बाजारात आली ती १८९७ मध्ये. हीच नीळ ट्रिप्टोफॅनपासून जीवाणूंकडून करवून घेण्याचा प्रयोग १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला: ई. कोलाय ट्रिप्टोफॅनपासून इंडोल बनवतो, बाहेरून घातलेल्या जनुकांचे एंझाइम त्याचे ऑक्सिडीकरण करते आणि पुढे हवेच्या संपर्कात नीळ तयार होते.