पार्श्वभूमी : कोकणातलं गाव, त्याची खानेसुमारी आणि वस्तीची गाडी

जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत प्रत्येक गावाच्या वाट्याला एक ओळ येते. घरं किती, पुरुष किती, बायका किती. पुढे शाळा, दवाखाना, पोस्ट, एसटी, रेल्वे. सोय गावात नसेल तर ती किती लांब याची खूण : पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा, की दहाच्या पलीकडे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या गावाची ही ओळ वाचताना माणसांचे रकाने आणि वाहतुकीचे रकाने वेगळे काढता येत नाहीत. इथली माणसं वाटेनंच गेलीत.

२००१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात १६,९६,७७७ माणसं होती, २०११ मध्ये १६,१५,०६९. सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आला. राज्याची लोकसंख्या वाढत असताना हे दोन जिल्हे घटले. २०११ मध्ये रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, राज्यात ९२९, तर मुंबई शहरात अवघ्या ८३२. रत्नागिरीच्या आकड्याचं कौतुक होतं तेव्हा मला वाईट वाटतं. सहा वर्षांखालच्या मुलांत तिथंही मुली मुलग्यांपेक्षा कमीच होत्या. म्हणजे मुली जास्त जन्मल्या असं काही नाही, कमावते पुरुष मुंबईला गेले आणि बायका घर, शेत, म्हातारी माणसं सांभाळत मागे राहिल्या.

ही वाट आधी समुद्राची होती. वेंगुर्ला, मालवण, विजयदुर्ग, जयगड, दाभोळ, हर्णै अशी बंदरं घेत आगबोट मुंबईला जाई. बोट खोल पाण्यात उभी राही आणि पडावातून माणसं चढत-उतरत. पावसाळ्यात समुद्र बंद. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. तरी लोक जातच राहिले, कारण मुंबईच्या कापड गिरणीत काम होतं आणि गावकऱ्यांनी तिथं मिळून ठेवलेल्या 'गावाच्या खोलीत' पथारीपुरती जागा मिळे. गावात मनीऑर्डर येई.

१ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. कोकणातल्या वाड्यांपर्यंत गाडी यायला पुढे कितीतरी वर्षं गेली, पण ती आली आणि गावाचा दिवसच तिच्यावर बेतला गेला. वस्तीची गाडी रात्री यायची. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर शाळेच्या पडवीत झोपायचे, कुणाच्या तरी घरून भाकरी जायची. पहाटे इंजिन घरघरलं की वरच्या वाडीतली माणसं चालत सुटत : कॉलेजची मुलं, मासळीची पाटी घेतलेली बाई, दवाखान्याला निघालेला म्हातारा. ज्या गावची वस्तीची गाडी बंद झाली, तिथल्या पोरांचं अकरावी-बारावीचं शिक्षण अडतं. मग घर आधी तालुक्याला हलतं आणि पुढे मुंबईला.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गावाच्या खोल्यांचा आधार ढासळत गेला. काही कुटुंबं परतली, पण पुढची पिढी विरार, नालासोपारा, दिव्याकडे स्थिरावली. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. ती किनारा सोडून आतून धावते. 'राजापूर रोड', 'संगमेश्वर रोड' या नावांतला 'रोड' म्हणजे गाव अजून लांब आहे. मुंबईहून रात्रीत स्टेशन गाठता येतं, पण तिथून पुढच्या वाडीला दुपारच्या एसटीची वाट बघा, नाहीतर रिक्षाला मागेल ते द्या.

गणतीचा मुहूर्तही इथं महत्त्वाचा. २०११ ची मोजणी फेब्रुवारीत झाली, १ मार्चचा आकडा धरला गेला आणि होळी होती १९ मार्चला. कुलपं लावलेली घरं शिमग्याला उघडली, मे महिन्यात भरली, गणपतीत अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. चाकरमानी राहतो मुंबईत, तेव्हा तो तिथं मोजला जातो हे बरोबरच. पण ग्रामपंचायतीचे सदस्य आणि निधी ठरतात फेब्रुवारीच्या माणसांवर. विहिरीला आणि एसटीला मात्र मे महिन्याची माणसंही पुरवावी लागतात.

येत्या जनगणनेची तारीख १ मार्च २०२७ आहे. त्या वर्षीही होळी त्यानंतरच येते.