साभार परत येणारी गोष्ट

ठाण्यात कथालेखनाचा विषय निघाला की मला आधी आपलं मराठी ग्रंथसंग्रहालय आठवतं. १ जून १८९३ रोजी ते स्थापन झालं, आणि संस्थापकांत वाङ्मयेतिहासकार वि. ल. भावे होते. मराठी कथा त्या वेळी जेमतेम उभी राहत होती.

तीनच वर्षांपूर्वी, १८९० मध्ये, कादंबरीकार हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं होतं. त्यात क्रमशः कादंबरीच्या जोडीला येणाऱ्या कथांना ते 'स्फुट गोष्टी' म्हणत. स्फुट म्हणजे सुटी. नावातच तिची पायरी कळते. पसारा मात्र बऱ्याचदा छोट्या कादंबरीएवढा.

१८९५ मध्ये का. र. मित्रांचं 'मनोरंजन' मासिक निघालं. तिथे वि. सी. गुर्जरांनी 'संपूर्ण गोष्ट' रुजवली, म्हणजे एकाच अंकात संपणारी. मला खरं वळण हे वाटतं. वाचकाला पुढच्या अंकाची वाट पाहायला लावायची सोय गेली. गुंता, रहस्य, उकल सगळं त्याच पानांत बसवणं आलं. १९०९ मध्ये 'मनोरंजन'नेच दिवाळी अंक काढला आणि कथेला वर्षाचा हक्काचा सण मिळाला.

पुढे 'लघुकथा' आली. फडक्यांनी तिचं तंत्र घोटवलं, खांडेकरांनी रूपककथा लिहिल्या. दिवाकर कृष्णांनी मात्र घटनेपेक्षा मनाकडे पाहिलं. त्यांचं मोल अजून पुरेसं ओळखलेलं नाही, असं मला वाटतं.

१९४५च्या आसपास गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांची नवकथा उभी राहिली, आणि तिच्यामागे 'सत्यकथा' हे मासिक होतं. त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन आलेली कथा नुसती घेत किंवा नाकारत नसत. पत्र लिहून, कुठे काय खटकतं ते सांगून पुन्हा लिहायला लावत. 'साभार परत' हे शब्द लेखकाला लागत खरे, पण कथा कशी घडते ते कित्येकांना त्या पत्रांनीच शिकवलं.

या कसोटीत सगळ्यांचं जगणं मावत नव्हतं, हेही तितकंच खरं. बाबूराव बागुलांचा पहिला कथासंग्रह १९६३ मध्ये आला आणि कथेत झोपडपट्टी, जात, भूक थेट बोलू लागली. १९६९ मध्ये लघुअनियतकालिकवाल्या, म्हणजे स्वतःची छोटी, अनियमित नियतकालिकं काढणाऱ्या तरुणांनी 'सत्यकथे'च्या अंकाची होळी केली. १९८२ मध्ये ते मासिक बंद पडलं.

आज कथेचा मोठा आधार आहे तो दिवाळी अंकांचाच. त्यामुळे ठाण्यातला नवा लेखक पावसाळ्यातच कथा पूर्ण करायच्या मागे असतो. मजकूर आता ईमेलने जातो. होकार आला तर कथा बहुतेकदा आहे तशी छापली जाते आणि नकार असेल तर बहुधा उत्तरच येत नाही. चौथ्या पानावर कथा का सैलावली, हे सांगणारं पत्र कुणाच्याच हाती पडत नाही.