कृत्रिम पापण्यांच्या चिकटपट्ट्यांची पेटंट तपासणी

कृत्रिम पापण्या डोळ्याच्या कडेवर बसवण्यासाठी ओल्या गोंदाऐवजी जी अरुंद, बहुधा दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी वापरतात, तिच्यासाठी आलेल्या अर्जात खरोखर काही नवा शोध आहे का, याची पेटंट कार्यालयाने कायद्याच्या कसोट्यांवर केलेली छाननी म्हणजे ही तपासणी होय. मराठीत ‘पापणी’ हा शब्द डोळ्यावरची त्वचेची झापड आणि तिच्या कडेचे केस या दोन्हींसाठी वापरला जातो. चिकटपट्टी नेमकी कशाला चिकटते, त्वचेला की केसांना, हा या क्षेत्रातला कळीचा प्रश्न असल्यामुळे या नोंदीत झापडीला ‘पापणी’, तिच्या नैसर्गिक केसांना ‘पापणीचे केस’ आणि बनावट केसांच्या ओळीला ‘कृत्रिम पापण्या’ म्हटले आहे.

वस्तू लहान आहे, पण तिच्यामागचा पेटंटांचा साठा शंभर वर्षांहून जुना आहे. पुढे केसांच्या कायम कुरळेपणाच्या पद्धतीमुळे प्रसिद्ध झालेला जर्मन केशरचनाकार कार्ल नेस्लर लंडनमध्ये असताना १९०२ साली त्याला कृत्रिम भुवया व पापण्या बनवण्याच्या रीतीबद्दल ब्रिटिश पेटंट मिळाले. १९११ साली कॅनडातील ॲना टेलर हिला अमेरिकेत कृत्रिम पापण्यांचे पेटंट मिळाले. पापणीच्या वळणाला जुळणाऱ्या चंद्रकोरीसारख्या पट्टीवर केस बसवायचे आणि ती पट्टी डोळ्याच्या कडेला चिकटवायची, ही त्यातली रचना आजही बाजारातल्या बहुतेक कृत्रिम पापण्यांच्या मुळाशी आहे. म्हणून आज कोणी ‘केस, आधारपट्टी आणि चिकट पदार्थ’ एवढ्यावर हक्क सांगू लागला, तर परीक्षकाला फार दूर शोधावे लागत नाही.

ओल्या गोंदाचे तोटे वापरणाऱ्यांना पाठ असतात. तो सुकेपर्यंत थांबावे लागते, तो ओघळून डोळ्यात जाऊ शकतो, आणि नैसर्गिक रबराच्या चिकावर आधारलेल्या गोंदाची काहींना ॲलर्जी असते. पट्टीमध्ये दाबल्यावर चिकटणारा थर आधीच तयार असतो. तो सामान्यतः ॲक्रिलिक, सिलिकोन किंवा रबरावर आधारित बहुवारिकाचा (पॉलिमरचा) असतो आणि त्याच्यावर सहज निघणारा संरक्षक कागद असतो. पण पापणीची त्वचा शरीरावरील सर्वांत पातळ त्वचेपैकी एक आहे, ती दिवसभर उघडमीट करते आणि तिच्यावर घाम, तेल व अश्रू येत राहतात. पट्टी दिवसभर टिकली पाहिजे, पण काढताना त्वचा ओढली जाता कामा नये आणि पापणीचे केसही उपटले जाता कामा नयेत. दोन परस्परविरोधी गरजांमधल्या या फटीतच या क्षेत्रातले बहुतेक अर्ज उभे राहतात, आणि तपासणीचा सगळा भरही तिथेच पडतो.

तपासणी सुरू होते ती वर्गीकरणापासून. आंतरराष्ट्रीय पेटंट वर्गीकरणात कृत्रिम पापण्या ‘ए४१जी ५/०२’ या गटात येतात, तर पट्टीच्या किंवा पातळ पडद्याच्या रूपातील चिकट पदार्थ ‘सी०९जे ७’ मध्ये आणि डोळ्यांसाठीची प्रसाधने ‘ए६१क्यू १/१०’ मध्ये. एकाच गटात शोध घेणारा परीक्षक अर्धेच पूर्वज्ञान, म्हणजे अर्जाआधीच सर्वांना उपलब्ध असलेली माहिती, पाहील. केसांचे टोप (विग) बसवण्याच्या दुहेरी चिकटपट्ट्या, जखमेवरच्या शस्त्रक्रिया-पट्ट्या, पूर्व आशियात पापणीला दुहेरी घडी आणण्यासाठी लावतात त्या पट्ट्या, हे सगळे शेजारचे साहित्य आहे. असे शेजारचे साहित्य विरोधात वापरता येते का, यावर अमेरिकेत पेटंटविषयक अपिले ऐकणाऱ्या फेडरल सर्किट न्यायालयाचा २००४ सालचा ‘बिजिओ’ प्रकरणातील निर्णय उपयोगी पडतो. त्यात केसांच्या ब्रशवरील अर्जाविरुद्ध दात घासण्याच्या ब्रशचे जुने पेटंट पुढे करणे न्यायालयाने योग्य ठरवले. त्याच न्यायाने त्वचेला लावायची वैद्यकीय पट्टी पापणीच्या पट्टीपासून फार लांबची मानता येणार नाही.

नावीन्याची कसोटी त्यामानाने सरळ आहे. दाव्यातील, म्हणजे अर्जदार ज्यावर हक्क मागतो त्या नेमक्या वर्णनातील, प्रत्येक घटक एकाच जुन्या दस्तऐवजात एकत्र सापडला, तर नावीन्य संपले. अर्जदाराला धोका बहुधा जुन्या दस्तऐवजापेक्षा स्वतःच्याच उतावळेपणातून होतो. अमेरिकेत अर्जापूर्वी वर्षभरात शोधकाने स्वतः केलेले प्रकटीकरण माफ होते. भारतात तशी सर्वसाधारण सवलत नाही. शासनाने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनासारखे मोजकेच अपवाद कायद्यात आहेत. अर्ज करण्याआधी पट्टीची विक्री केली किंवा वापराची चित्रफीत सर्वांसाठी खुली केली, तर ती चित्रफीतच अर्जाविरुद्धचे पूर्वज्ञान ठरू शकते.

खरी लढत कल्पक पायरीवर होते. भारतीय पेटंट अधिनियम, १९७० च्या कलम २(१)(जेए) नुसार शोधात विद्यमान ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व किंवा दोन्ही हवीत आणि त्या विषयातील जाणकाराला तो सहज सुचण्यासारखा नसावा. सर्वोच्च न्यायालयाने ‘बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज’ या १९७८ च्या निर्णयात, भांडी यंत्रावर धरून ठेवण्याच्या एका साधनाबाबत, कारखान्यातल्या नेहमीच्या सुधारणेपेक्षा शोध काहीतरी अधिक असला पाहिजे असे सांगितले. भांड्यांच्या कारखान्यातून आलेला हा दंडक पापण्यांच्या पट्टीलाही तितकाच लागू पडतो. २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘रोश विरुद्ध सिप्ला’ प्रकरणात शोध असा सहज सुचण्याजोगा होता का, हे तपासण्याचे टप्पे मांडले. जाणकार व्यक्ती कोण ते ठरवणे, दाव्यातील कल्पक संकल्पना ओळखणे, सर्वसामान्य ज्ञान निश्चित करणे, फरक शोधणे आणि तो फरक पश्चात्बुद्धीचा (शोध कळल्यानंतरच्या शहाणपणाचा) आधार न घेता सुचला असता का ते पाहणे, असा तो क्रम आहे.

उदाहरणादाखल असा दावा घ्या: दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी, जिची पापणीकडील बाजू कृत्रिम पापण्यांकडील बाजूपेक्षा कमी जोराने चिकटते, त्यामुळे काढताना पट्टी पापणीपासून सुटते आणि कृत्रिम पापण्यांवरच राहते. कल्पना चांगली आहे आणि वापरणाऱ्याची खरी अडचण सोडवते. पण दोन बाजूंना वेगवेगळ्या ताकदीचा चिकट थर असलेल्या पट्ट्या इतर उद्योगांत जुन्याच आहेत, त्यामुळे परीक्षक एक जुनी पापण्यांची पट्टी आणि एक जुनी असमान चिकटपट्टी समोर ठेवून दोन्ही जोडणे जाणकाराला सहज सुचले असते, असा आक्षेप घेईल. अर्जदाराने इथे आकडे आणले, म्हणजे सोलून काढण्याचे बल अमुक ते अमुक मर्यादेत असेल असे म्हटले, तरी तेवढ्याने सुटका होत नाही. अमेरिकेत १९५५ च्या ‘ॲलर’ निर्णयापासून मानले जाते की सर्वसाधारण परिस्थिती आधीच माहीत असेल, तर नेहमीच्या प्रयोगांनी तिची इष्टतम मर्यादा काढणे हा शोध नव्हे. त्या मर्यादेत काही अनपेक्षित घडते, उदाहरणार्थ अश्रूंनी भिजल्यावरही चिकटपणा घटत नाही, असे दाखवता आले तर चित्र बदलते.

म्हणून या क्षेत्रात विवरणपत्र, म्हणजे शोधाचे सविस्तर लेखी वर्णन, हाच अर्जाचा कणा असतो, आणि बहुतेक अर्ज इथेच कमकुवत असतात. सोलबलाच्या (पट्टी सोलून काढायला लागणाऱ्या बलाच्या) प्रचलित चाचण्यांत ठराविक रुंदीची पट्टी पोलादी पत्र्याला चिकटवून ठराविक कोनात ओढतात. पापणीवरची पट्टी मात्र जेमतेम एक-दोन मिलिमीटर रुंद असते आणि तिचा पृष्ठभाग सतत वाकतो, म्हणून पोलादावरचा आकडा पापणीवर जसाच्या तसा लागू होत नाही. चाचणी कोणत्या पृष्ठभागावर, किती वेगाने आणि किती वेळानंतर घेतली हे लिहिलेले नसेल, तर दाव्यातील आकडाच संदिग्ध राहतो. ‘डोळ्याला इजा न करणारी पट्टी’ अशी केवळ परिणाम सांगणारी भाषा परीक्षक सहसा मान्य करत नाही, कारण कलम १० नुसार दावे स्पष्ट, संक्षिप्त आणि विवरणावर आधारलेले असावे लागतात. राहून गेलेली माहिती नंतर घुसडताही येत नाही. कलम ५९ नुसार दुरुस्ती ही आधी सांगितलेल्या मजकुराच्या व मूळ दाव्यांच्या व्याप्तीतच राहिली पाहिजे. पहिल्या दिवशी जे कागदावर आले नाही ते कायमचे हुकले, हे या प्रक्रियेतले सर्वांत महागडे सत्य आहे.

भारतात कोणत्या गोष्टी शोध मानायच्या नाहीत हे सांगणाऱ्या कलम ३ ची वेगळी गाळणी आहे. चिकट मिश्रणावर हक्क मागितला आणि त्यातील घटक आपापल्या गुणांची बेरीज करण्यापलीकडे काही करत नसतील, तर कलम ३(ई) आड येते. पट्टी, चिमटा आणि गोंद काढण्याचे द्रव एका डबीत ठेवून ‘संच’ म्हणून दावा केला आणि प्रत्येक वस्तू आपले जुने काम स्वतंत्रपणे करत असेल, तर कलम ३(एफ). ज्ञात वैद्यकीय गोंद पापण्यांसाठी वापरला एवढेच नवे असेल, तर ज्ञात पदार्थाच्या नव्या वापराबाबतचे कलम ३(डी). पट्टी लावण्याच्या रीतीवर दावा केल्यास कलम ३(आय) चा आक्षेप येऊ शकतो, कारण त्यात माणसावरील ‘अन्य उपचार’ असेही शब्द आहेत. युरोपात शस्त्रक्रिया, रोगोपचार व निदान एवढ्याच पद्धती वर्ज्य असल्याने निव्वळ सौंदर्यप्रसाधनाच्या रीतीला तिथे अधिक वाव आहे.

कार्यपद्धतीत, अर्ज १८ महिन्यांनी प्रकाशित होतो, पण तपासणी आपोआप होत नाही, तिच्यासाठी वेगळी विनंती करावी लागते. तिची मुदत पूर्वी अग्रक्रम दिनांकापासून (त्या शोधासाठीच्या पहिल्या अर्जाच्या तारखेपासून) ४८ महिने होती, १५ मार्च २०२४ पासूनच्या सुधारित नियमांनी ती नव्या अर्जांसाठी ३१ महिन्यांवर आणली. २०१९ पासून महिला अर्जदारांना जलद तपासणी मागता येते, आणि ज्या क्षेत्रात शोधक व वापरणाऱ्या मोठ्या संख्येने स्त्रिया आहेत तिथे ही सवलत मोलाची आहे. पहिल्या परीक्षण अहवालाला सहा महिन्यांत उत्तर द्यायचे असते आणि मागितल्यास आणखी तीन महिने मिळतात. परीक्षक अहवाल देतो, निर्णय पेटंट कार्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्याचा, म्हणजे नियंत्रकाचा असतो. महाराष्ट्र व गोव्यातील अर्ज मुंबईत अँटॉप हिल येथील कार्यालयाच्या कक्षेत येतात, पण कागदपत्रे हिंदी किंवा इंग्रजीतच द्यावी लागतात. अर्ज फेटाळला गेल्यास पूर्वी बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे जाता येई. २०२१ मध्ये ते मंडळ रद्द झाल्यापासून अपील उच्च न्यायालयात होते.

पेटंट मंजूर झाले म्हणजे पट्टी डोळ्यांसाठी सुरक्षित ठरली, असा समज ग्राहकांत आढळतो आणि वेष्टनावरचा पेटंट क्रमांक त्याला खतपाणी घालतो. परीक्षक पट्टी कोणाच्या डोळ्याला लावून पाहत नाही. तो कागदावरचे दावे कागदावरच्या पूर्वज्ञानाशी ताडून पाहतो. भारतात सौंदर्यप्रसाधनांच्या सुरक्षिततेचा विचार औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० आणि त्याखालील २०२० च्या सौंदर्यप्रसाधने नियमांनुसार, वेगळ्या यंत्रणेकडून होतो.